उद्धरण-प्रभाव (वैश्लेषिक रसायनशास्त्र)

एखाद्या शोधनिबंधाचा वा संशोधकाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, यावरून त्याच्या कामाचे वजन ठरवण्याचे माप. संशोधकांच्या रोजच्या बोलण्यात नुसते ‘सायटेशन’. पदार्थात काय आहे आणि किती आहे हे शोधणाऱ्या वैश्लेषिक रसायनशास्त्रात हे माप जरा वेगळे वागते. इथे उद्धरण बहुधा एखाद्या सिद्धांताला मिळत नाही, पद्धतीला मिळते. कुणीतरी ती पद्धत आपल्या प्रयोगशाळेत वापरली, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ.

सर्वांत ठळक उदाहरण प्रथिनमापनाचे आहे. ऑलिव्हर लोरी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1951 मध्ये ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त ही पद्धत मांडली. प्रथिनाच्या द्रावणात आधी अल्कधर्मी ताम्र-द्रावण आणि मग फोलिन अभिकारक घालायचा. निळा रंग चढतो आणि वर्णपटमापीवर त्याची तीव्रता वाचली की प्रथिनाचे प्रमाण कळते. ‘नेचर’ने 2014 मध्ये सर्वाधिक उद्धृत निबंधांची यादी केली, तेव्हा हा निबंध 3 लाखांहून अधिक उद्धरणांसह पहिला होता. हा काही आपला थोर निबंध नव्हे, असे खुद्द लोरींचेच मत होते. ट्रिस बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारे रसायन), डिटर्जंट अशा नेहमीच्या गोष्टींनीही या पद्धतीचे आकडे बिघडतात. पण त्यावर सुधारणा सुचवणाऱ्यालाही मूळ निबंधाचा हवाला द्यावाच लागतो, म्हणजे दोषसुद्धा उद्धरणेच वाढवतात. कूमासी ब्लू रंगद्रव्यावर आधारलेली ब्रॅडफर्ड यांची 1976 ची झटपट पद्धत त्याच यादीत तिसरी होती.

सवित्स्की आणि गोले यांचा 1964 चा निबंध तर रसायनाचा नव्हेच, उपकरणातून येणारी खडबडीत वक्ररेषा गुळगुळीत कशी करावी याचा. त्यातल्या गुणकांच्या तक्त्यांत चुका राहिल्या होत्या. त्या 1972 मध्ये दुसऱ्यांनी दुरुस्त केल्या. तरी हवाला बहुतेक जण मूळ निबंधाचाच देतात.

याच्या उलटही घडते. पाण्याचे प्रमाण काढण्याची कार्ल फिशर यांची 1935 ची अनुमापन (टायट्रेशन) पद्धत औषधनिर्मितीत रोजची आहे. ‘कार्ल फिशर लावला का?’ एवढे विचारले की भागते. मूळ निबंध कोण उघडतो? नायट्रोजन मोजण्याच्या केल्डाल पद्धतीचे (1883) तेच. पद्धत इतकी अंगवळणी पडते की तिचा संदर्भ देण्याची गरजच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले होते. मराठीत त्याला ‘सामावून पुसले जाणे’ म्हणता येईल.

काळाचा हिशेबही चुकतो. मिखाईल त्स्वेत यांनी 1906 मध्ये खडूच्या पुडीच्या स्तंभातून पानांतली रंगद्रव्ये वेगळी करून दाखवली आणि त्या तंत्राला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ते 1919 मध्ये वारले. त्या तंत्राला खरा उजाळा मिळाला 1931 नंतर. पाच वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या आजच्या मूल्यमापनात त्यांची गत काय झाली असती, हे वेगळे सांगायला नको.

उद्धरणे पद्धतशीर मोजणे सुरू झाले ते युजीन गारफील्ड यांच्या 1964 च्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’पासून. होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये संशोधकासाठी एच-निर्देशांक सुचवला: प्रत्येकी किमान 40 उद्धरणे असलेले 40 निबंध असतील, तर निर्देशांक 40. यात एकाच निबंधाला लाख उद्धरणे मिळाली तरी निर्देशांक त्यामुळे फार तर एकाने वाढतो. शिवाय उद्धरणे मोजणाऱ्या संग्रहांपैकी गूगल स्कॉलर प्रबंध वगैरेही धरत असल्याने तिथला आकडा वेब ऑफ सायन्सपेक्षा सहसा मोठा दिसतो. आकड्याबरोबर स्रोत न सांगणे म्हणजे एककाशिवाय मापन सांगण्यासारखे आहे.

विश्लेषकाची कारकीर्द बरीचशी इतरांच्या प्रश्नांवर चालते: कुणाचे नदीतले आर्सेनिक, कुणाचे रक्तातले औषध. मोजमाप करून देणाऱ्याचे नाव कधी सहलेखकांत येते, कधी शेवटच्या आभाराच्या ओळीत. आभाराची ओळ उद्धरणांत धरली जात नाही.