ताठ बसल्याने नेमकं काय बदलतं?

मुलाखतीला जाण्याआधी दोन मिनिटं एकांतात कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, छाती काढून उभं राहा, आत्मविश्वास वाढेल. हा सल्ला आज जगभर दिला जातो. तो आला कुठून, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याचं पुढे काय झालं, हे तर त्याहूनही कमी जणांना.

२०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप या तीन संशोधकांनी ४२ जणांवर एक प्रयोग केला. काहींना ऐसपैस पसरून बसायला-उभं राहायला सांगितलं, काहींना अंग चोरून. प्रत्येकाने दोन स्थिती, एकेक मिनिट धरायच्या. नंतर लाळेच्या नमुन्यांत दिसलं ते थक्क करणारं होतं: पसरून बसलेल्यांत वर्चस्वाशी निगडित टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलं होतं आणि ताणाशी निगडित कॉर्टिसोल हे संप्रेरक उतरलं होतं. हे लोक जोखीम घ्यायलाही जास्त तयार होते. २०१२ मध्ये कडी यांनी टेड या भाषणमालिकेच्या मंचावरून हे सांगितलं आणि ती कल्पना कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली.

मग २०१५ साली एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तसाच प्रयोग पुन्हा केला. संप्रेरकं जागची हलली नाहीत. जोखीम घेण्याची वृत्तीही बदलली नाही. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनी जाहीर केलं की या परिणामावर आपला आता विश्वास उरलेला नाही. मूळ शोधनिबंधात ज्यांचं नाव पहिलं, त्यांनीच असं म्हणणं याला फार धैर्य लागतं, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

तरीही रानेहिल यांच्या आकड्यांत एक गोष्ट शिल्लक राहिली होती. पसरून बसलेल्यांनी आपल्याला अधिक समर्थ वाटल्याचं सांगितलं. संप्रेरकांत काही बदललं नव्हतं, पण वाटण्यात बदललं होतं. पुढच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडल्यावरही हेच चित्र टिकलं: संप्रेरकांवर परिणाम नाही, वागण्यावरचा परिणाम डळमळीत, पण स्वतःबद्दल काय वाटतं यात फरक पडतो. अर्थात, प्रयोगाचा हेतू ओळखून माणसं अपेक्षित उत्तर देतात, ही शंका अशा ठिकाणी नेहमीच राहते.

२०२० मधल्या अशाच एका आढाव्यातून आणखी नेमकी गोष्ट पुढे आली. बऱ्याच प्रयोगांत पसरून बसलेल्यांची तुलना थेट अंग चोरून बसलेल्यांशी केलेली होती. नेहमीसारखं सहज बसणारा गटच नव्हता. असा तिसरा गट घेतल्यावर दिसलं की पसरल्याने स्वतःबद्दलचं वाटणं फारसं वर जात नाही, आकसल्याने मात्र ते खाली जातं. म्हणजे छाती काढून उभं राहण्याची कवायत करायचं कारण नाही. जपायचं ते एवढंच, की खुर्चीच्या कडेवर टेकून, खांदे पाडून, कोपर पोटाशी घेऊन तासन्‌तास बसणं होऊ नये.

न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१५ साली ७४ जणांच्या पाठीला पट्ट्या लावून त्यांना ताठ किंवा पोक काढून बसवलं आणि त्याच स्थितीत भाषणासारखं ताण देणारं काम करायला लावलं. पोक काढून बसलेल्यांच्या बोलण्यात नकारात्मक भावनांचे शब्द जास्त आले, आणि ‘मी’, ‘मला’ हेही जास्त. ताठ बसलेल्यांना भीती कमी वाटली आणि त्यांचा आत्मसन्मान वरचढ राहिला.

पण या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग त्याआधीचा, २००९ चा आहे. पाब्लो ब्रिन्योल, रिचर्ड पेटी आणि बेंजामिन वॅग्नर यांनी ७१ विद्यार्थ्यांना आपल्या भावी नोकरीच्या दृष्टीने स्वतःचे गुण किंवा दोष लिहायला सांगितले. काहींनी ते ताठ बसून लिहिले, काहींनी पाठ वाकवून. मग उमेदवार म्हणून स्वतःला कसं जोखाल, हे विचारलं. ताठ बसून गुण लिहिणाऱ्यांनी स्वतःला वरचं स्थान दिलं, हे अपेक्षितच. पण ताठ बसून दोष लिहिणाऱ्यांनी स्वतःला खालचं दिलं! पाठ वाकवून बसलेल्यांत मात्र गुण लिहिले काय आणि दोष लिहिले काय, फारसा फरक पडला नाही. आपण काय लिहिलं याच्यावरच त्यांचा भरवसा कमी होता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ताठ पाठ चांगले विचार निर्माण करत नाही. डोक्यात जे आधीपासून चाललेलं असतं, त्याच्यावरचा विश्वास ती पक्का करते. ध्वनिवर्धकासारखं हे काम आहे: आत जे बोललं जाईल तेच बाहेर मोठ्याने येतं. बैठकीच्या दारात उभं असताना मनात ‘आपल्याला हे जमणार नाही’ हेच घोळत असेल, तर छाती काढल्याने तीच भीती अधिक खरी वाटू शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आपली तयारी काय आहे, मागचं कोणतं काम आपण पार पाडलं, हे आधी स्वतःला स्पष्ट सांगावं आणि मग खांदे सरळ करावेत. नुसत्या मुद्रा शिकवणाऱ्या प्रशिक्षणवर्गांत हा अर्धा भाग गळून पडतो, याची मला खरोखर खंत वाटते.

हातांचंही असंच. बोलताना हात आवरून धरायला सांगितलं जातं, पण सुसान गोल्डिन-मेडो यांच्या प्रयोगांत गणित समजावताना हात हलवणाऱ्यांना मधल्या काळात लक्षात ठेवायला दिलेली यादी जास्त आठवली. हातवारे डोक्यावरचा भार हलका करतात. ते दाबून टाकले की बोलणारा अडखळण्याची शक्यता वाढते, आणि अडखळणं आत्मविश्वासाला पहिला धक्का देतं.

दुसरा धक्का देते ती ‘माझी घबराट सगळ्यांना दिसतेय’ ही समजूत. केनेथ साविट्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी २००३ साली दाखवलं की वक्त्याला वाटतं तेवढी त्याची घबराट श्रोत्यांना दिसत नसते. हे ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणं त्यांना स्वतःला आणि श्रोत्यांनाही सरस वाटली. ‘घाबरणं स्वाभाविक आहे, काळजी करू नका’ एवढा नुसता धीर दिलेल्यांत हा फरक दिसला नाही.

आणि देहबोली ही एकट्याची गोष्ट नव्हेच. लॅरिसा टिडेन्स आणि ॲलिसन फ्रॅगेल यांनी २००३ मध्ये पाहिलं, की समोरचा माणूस पसरून बसला की आपण नकळत आकसतो आणि समोरचा आकसला की आपण पसरतो. वर, अशी जोडी जुळली की दोघांनाही बरं वाटतं. त्यामुळे ते कुणाला खटकतही नाही. साहेब खुर्चीत रेलून, हात डोक्यामागे घेऊन बोलतो आणि टेबलाच्या पलीकडे नवा सहकारी वहीवर वाकून बसतो. दोघांपैकी कुणीही हे ठरवून केलेलं नसतं. मग तो नवा सहकारी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा पडतो. ताठ बसण्याचा सल्ला नेहमी त्यालाच मिळतो. आकसण्यानेच जास्त नुकसान होत असेल, तर रेलून बसलेल्या साहेबाने खुर्ची पुढे घेऊन, हात टेबलावर ठेवून ऐकणं हा उपाय आधी करून पाहायला हवा.