चेंस्तोखोव्हाची पदयात्रा

चेंस्तोखोव्हाची पदयात्रा : पोलंडच्या निरनिराळ्या भागांतून चेंस्तोखोव्हा शहरातील यास्ना गूरा या मठापर्यंत पायी जाण्याची कॅथलिक प्रथा. यास्ना गूरा म्हणजे उजळ टेकडी. या टेकडीवरील मठात पवित्र मरियेचे ‘काळी मादोना’ या नावाने जगभर ओळखले जाणारे चित्र आहे. त्याच्या दर्शनासाठी दर उन्हाळ्यात, त्यातही ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, देशभरातून पायी जथे निघतात. जवळच्या गावांतील लोक दोन-तीन दिवसांत पोहोचतात, वॉर्साहून नऊ दिवस लागतात, तर बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्यांना ६०० किमी.पेक्षा अधिक अंतर कापावे लागते आणि त्यांचे जवळपास तीन आठवडे रस्त्यावरच जातात. बहुतेक पदयात्रा मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, म्हणजे १५ ऑगस्टला, मठात असावे अशा बेताने निघतात. काही २६ ऑगस्टच्या चेंस्तोखोव्हाच्या मरियेच्या सणाला पोहोचतात. आगगाडीने वॉर्साहून हे अंतर काही तासांचे आहे, हे चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दर्शन काही क्षणांचे होते आणि प्रार्थना होते ती चालण्याची, हे एकदा लक्षात घेतले की या प्रथेतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

ओपोलचा ड्यूक व्लादिस्लाव याने १३८२ मध्ये हंगेरीतून पॉलाइन संघाचे साधू आणून येथे मठ स्थापन केला आणि १३८४ मध्ये हे चित्र मठात आले. पवित्र कुटुंबाच्या, म्हणजे येशू, मरिया व योसेफ यांच्या, घरातील मेजाच्या फळीवर संत लूकने ते रंगवले, अशी आख्यायिका आहे. कलेचे अभ्यासक ते बायझंटाइन परंपरेतील मानतात. सुमारे सव्वा मीटर उंचीच्या या फळीवर सावळ्या चेहऱ्याची मरिया डाव्या हातावर बाळ येशूला घेऊन आहे. १४३० मध्ये मठावर दरोडा पडला तेव्हा चित्र शस्त्राने छिन्नविच्छिन्न झाले. क्राकोव्हमध्ये त्याची दुरुस्ती झाली, तरी मरियेच्या उजव्या गालावरील दोन समांतर व्रण आजही स्पष्ट दिसतात आणि पोलिश भाविकांना चित्राची ओळख पटते ती या व्रणांवरूनच. चित्राला रत्नजडित वस्त्रे चढवण्याची रीत आहे, ती एकेका प्रसंगाने बदलली जातात. देवाला पोशाख करण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

मठाचे धार्मिक महत्त्व आणि पोलंडचा राजकीय इतिहास एकमेकांत इतके गुंतले आहेत की ते वेगळे काढता येत नाहीत. १६५५ च्या अखेरीस स्वीडिश सैन्याने मठाला वेढा घातला. मठाधिपती ऑगुस्तिन कोर्देत्स्की यांच्या नेतृत्वाखाली मूठभर लोकांनी तो परतवला. पुढच्याच वर्षी राजा यान काझिमिएश याने ल्वूव्ह येथे (आज युक्रेनमधील ल्विव्ह) शपथ घेऊन मरियेला पोलंडची राणी घोषित केले, आणि १७१७ मध्ये पोपने पाठवलेल्या मुकुटांनी चित्राचा राज्याभिषेक झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी देश वाटून घेतल्यावर १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हताच. त्या काळात तिन्ही साम्राज्यांतील पोलिश भाषकांना एकाच ठिकाणी आणणारी ही टेकडी होती आणि तेथे पोहोचण्यासाठी त्यांतील अनेकांना परक्यांनी आखलेल्या सरहद्दी ओलांडाव्या लागत.

पायी जाण्याच्या प्रथेचे मूळ बहुधा नवसात सापडते. सायलीशियातील ग्लिवित्से या गावाचे लोक १६२६ मध्ये गाव वेढ्यातून वाचले म्हणून निघाले; कालिश येथील पदयात्रेची परंपरा १६३७ पासून सांगितली जाते. सर्वांत प्रसिद्ध वॉर्साची पदयात्रा १७११ मध्ये प्लेगच्या साथीत सुरू झाली. शहरातील द्वूगा रस्त्यावरच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या नावाने चालणारे एक बंधुमंडळ होते. साथ हटावी म्हणून त्याच्या सभासदांनी यास्ना गूरापर्यंत चालत जाण्याचा नवस केला आणि तेव्हापासून याच चर्चमधून पदयात्रा निघते. ६ ऑगस्टला सकाळी प्रस्थान आणि १४ ऑगस्टला प्रवेश, हे वेळापत्रक ठरलेले आहे. १७९२ मध्ये वॉर्साच्या यात्रेकरूंचा संपूर्ण जथा सैनिकांनी मारला, असे परंपरा सांगते. म्स्तूव्हजवळच्या क्रासित्से येथे त्यांची कबर आहे आणि आजचे पदयात्री तेथे थांबून प्रार्थना करतात. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलातही छोट्या तुकड्या लपतछपत गेल्या. कम्युनिस्ट राजवटीला हे चालणे कधीच रुचले नाही. १९६३ मध्ये देवीच्या साथीचे कारण पुढे करून तिने वॉर्साच्या पदयात्रेला मनाई केली, तेव्हा लोक एकेकटे व लहान लहान गटांनी निघाले. साथीपायी सुरू झालेली यात्रा साथीचेच निमित्त करून थांबवू पाहणे, यातला विरोधाभास पोलिश लोकांच्या नजरेतून सुटला नसणार.

१९७८ मध्ये क्राकोव्हचे आर्चबिशप पोप जॉन पॉल दुसरे झाले, १९७९ मध्ये ते यास्ना गूराला आले आणि त्यानंतरच्या दशकात पदयात्रांना उधाण आले. क्राकोव्हची आजची पदयात्रा १९८१ मध्ये, पोपवर झालेल्या प्राणघातक हल्ल्यानंतर, सुरू झाली. इतर अनेक धर्मप्रांतांच्या पदयात्राही याच सुमाराच्या आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर सभा-मोर्चांना बंदी असताना हजारो लोकांनी एकत्र, उघडपणे, गात रस्त्याने जाण्याची जवळजवळ एवढी एकच वाट उरली होती. त्या वर्षांतील सगळे चालणारे भाविक होते असे मानण्याचे कारण नाही. पण निव्वळ राजकारणासाठी नऊ दिवस पायांचे फोड सोसणारेही फारसे सापडत नाहीत.

पदयात्रेचे मूळ एकक म्हणजे जथा. त्यात काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत माणसे असतात आणि तो रंगाने, क्रमांकाने किंवा एखाद्या संताच्या नावाने ओळखला जातो. जथ्याचा प्रमुख धर्मगुरू असतो. सर्वांत पुढे क्रूस आणि जथ्याचे निशाण, मागे लोक, आणि मधे ठरावीक अंतरावर खांद्यावर कर्णे घेतलेले स्वयंसेवक. एका मायक्रोफोनवरून होणारी प्रार्थना किंवा गाणे रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे, तर हे कर्णे आणि त्यांना जोडणारी तार सतत योग्य अंतरावर राहावी लागते; त्यामुळे कर्णेवाल्यांना ना रेंगाळता येते ना पुढे धावता येते, आणि चढावर त्यांची फार तारांबळ उडते. झेंडे व चमकदार बंड्या घातलेले व्यवस्थापक वाहतूक अडवतात व रांग रस्त्याच्या एका कडेला ठेवतात. सामान ट्रकमधून पुढे जाते, आणि मुक्कामाची सोय पाहणारा माणूस जथ्याच्या आधी गावात पोहोचून कोणाच्या कोठारात किती जण झोपतील याचा हिशेब घालतो. चालणारे एकमेकांना ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ म्हणून हाक मारतात. प्राध्यापक असो वा शाळकरी पोर, या दिवसांत पोलिश भाषेतील आदरार्थी संबोधने गुंडाळून ठेवली जातात. एरवी त्यांबाबत फार काटेकोर असणाऱ्या समाजात ही मोठीच सूट आहे.

दिवस उजाडण्याच्या सुमारास सुरू होतो. चालता चालता मरियेची प्रभातस्तोत्रे गायिली जातात, पुढे जपमाळेची प्रार्थना, धर्मगुरूचे प्रवचन, दुपारी तीनच्या सुमारास दैवी दयेची जपमाळ, आणि मधे एखादा टप्पा पूर्ण मौनाचा. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, रोज होते, पुष्कळदा शेतात किंवा रानाच्या कडेला. पापनिवेदन करायचे असेल तर धर्मगुरू रांगेपासून थोडे मागे राहून यात्रेकरूच्या बरोबरीने चालतो आणि चालतच ऐकून घेतो. लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेली मागणी, जसे आजारी आई, दारू सोडू पाहणारा नवरा, परीक्षा, गमावलेला गर्भ, जपमाळेच्या आधी नाव न सांगता वाचून दाखवली जाते. रात्री नऊला यास्ना गूरा मठात रोज होणाऱ्या प्रार्थनेच्या वेळीच जथाही मुक्कामी प्रार्थना करतो आणि दिवस मिटतो.

रोजचे अंतर साधारण २५ ते ३० किमी. असते आणि निम्म्याहून अधिक मार्ग डांबरी असल्याने खरा शत्रू ठरतो तो तळपायाचा फोड. मुक्कामी वैद्यकीय तंबूपुढे रांग लागते. अनवाणी पाय समोरच्या स्टुलावर, पायाशी बसलेली परिचारिका किंवा वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी, आणि तिच्या हातात निर्जंतुक सुई, असे ते दृश्य असते. जुने यात्रेकरू फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवण्याचा उपाय सांगतात, म्हणजे पाणी झिरपत राहते. डॉक्टर मात्र दोऱ्यावाटे जंतू आत जातात म्हणून त्याला नको म्हणतात. हा वाद दर वर्षी नव्याने होतो. नवे बूट घालून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओळखू येतो.

वाटेवरील गावांचा वाटा यात्रेकरूंइतकाच मोठा आहे. फाटकापुढे मेजे मांडून फळांचे गार कढवलेले सरबत, पाव, टोमॅटो, काकड्या, घरचा केक ठेवलेला असतो आणि म्हाताऱ्या बायका येणाऱ्यांना ‘आमच्यासाठीही प्रार्थना करा’ एवढेच सांगतात. शेतकरी कोठारात ताजा पेंढा पसरून देतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच जथे त्याच घरी उतरतात. अलीकडे जुनी कोठारे कमी झाल्याने तंबू व शाळांच्या व्यायामशाळा वापराव्या लागतात, याची हळहळ जुन्या लोकांच्या बोलण्यात असते. ज्यांना चालणे शक्य नाही ते घरी राहून त्या दिवसांत रोजची प्रार्थना पाळतात. त्यांनाही नावनोंदणी करून ‘आध्यात्मिक यात्रेकरू’ मानण्याची रीत आहे.

अखेरच्या टप्प्यावर, म्स्तूव्हजवळ, एक टेकडी लागते. तिचे नाव प्शेप्रोश्ना गुर्का, म्हणजे माफी मागण्याची टेकडी. तेथून मठाचा १०६ मी. उंच मनोरा पहिल्यांदा दिसतो. वर पोहोचल्यावर जथे थांबतात आणि वाटेत कोणाला टाकून बोललो, पाण्यासाठी पुढे घुसलो, घोरलो, अशा सगळ्या बारीकसारीक गोष्टींसाठी लोक एकमेकांची माफी मागतात, गळाभेट घेतात. नऊ दिवस एकत्र राहिलेल्या थकलेल्या माणसांत कुरबुरी साचतातच. त्यांना मोकळी वाट करून देणारी इतकी सोपी आणि शहाणी सोय क्वचितच दिसते. त्यानंतर शहरातील मरियेच्या नावाच्या सरळ, रुंद रस्त्याने जथे गात-नाचत चढणीला लागतात आणि मठापुढे पोहोचताच संपूर्ण जथा जमिनीवर पालथा पडतो. मग चित्राच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, प्रवेश. तेथे गर्दीच्या रेट्यात माणसाच्या वाट्याला फार तर एक-दोन मिनिटे येतात; काही जण वेदीभोवती गुडघ्यांवर फिरतात. चित्रापुढे चांदीचा पडदा असून तो ठरावीक वेळी तुताऱ्या व नगाऱ्यांच्या गजरात वर जातो आणि खाली येतो.

मराठी वाचकाला येथे पंढरीची वारी आठवणारच. दिंडीसारखा जथा, ‘माउली’सारखी एकच हाक, मुक्काम ठरवणारी पुढची माणसे, रस्त्यावरची गावजेवणे आणि कळसाचे दर्शन पुरेसे मानण्याइतकी दर्शनाची गर्दी, ही साम्ये खरी आहेत. फरक मात्र वरवरचा नाही. पोलिश जथ्यासोबत संताच्या पादुका किंवा पालखी नसते. शिवाय वारी मागण्यासाठी नसते, असे वारकरी आवर्जून सांगतो, तर येथे नवस आणि मागणी यांना उघड स्थान आहे. कॅथलिक पदयात्रा आपल्याकडेही अपरिचित नाही : सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी बेळगाव, सिंधुदुर्ग व कारवार भागांतील भाविक जुन्या गोव्याला पायी जातात.

एकविसाव्या शतकात पोलंडमधील चर्चला जाणाऱ्यांचे प्रमाण घटले तशी पायी येणाऱ्यांची संख्याही १९८० च्या दशकाच्या मानाने ओसरली आहे. कोविडच्या साथीत २०२० मध्ये अनेक जथे मोजक्या प्रतिनिधींवर भागवले गेले. त्याच काळात सायकलने येणारे वाढले आहेत. धावत आणि घोड्यांवरून येणारे गटही आहेत, आणि त्यांना पदयात्री म्हणावे का यावर जुन्या मंडळींचे मत फारसे उदार नाही. मठात पोहोचल्यावर बहुतेक जण त्याच संध्याकाळी किंवा सणानंतर आगगाडीने व बसने घरी परततात. कालिशचे यात्रेकरू मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे परतीचा रस्ताही चालतच कापतात, आणि गावाच्या वेशीवर घरची माणसे फुले घेऊन त्यांची वाट पाहत उभी असतात.