संगणकावरचं उच्चारशिक्षण

शिकणाऱ्याचा आवाज माइकमधून घ्यायचा आणि परक्या भाषेतला कुठला ध्वनी कुठे चुकला ते संगणकाने सांगायचं, अशी ही पद्धत. टेपवर ऐकून मागोमाग म्हणायची जुनी लँग्वेज लॅब यात धरत नाहीत, टेपला शिकणाऱ्याचं काही ऐकूच येत नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण पार पॅरिसच्या रूसलो या ध्वनिशास्त्रज्ञापर्यंत मागे जातात, त्याने १९व्या शतकाच्या शेवटी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उच्चारांच्या रेघा उमटवल्या होत्या. अमेरिकेच्या बेल लॅब्सचं, आवाजाचं चित्र दाखवणारं 'व्हिजिबल स्पीच' १९४७ चं, पण त्यात बहिऱ्यांचा विचार जास्त. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिकॉव आणि स्वेट्स या संशोधकांनी स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवताना उच्चार स्क्रीनवर दाखवून बघितले, आणि परभाषा व संगणक दोन्ही तिथे एकत्र आल्यामुळे सुरुवात तिथूनच धरणं जास्त पटतं.

स्कोअरिंगचा, म्हणजे उच्चाराला गुण देण्याचा, पाया म्हणजे केंब्रिजच्या सिल्के विटने १९९९ च्या प्रबंधात मांडलेलं आणि २००० साली स्टीव्ह यंगबरोबर छापलेलं 'गुडनेस ऑफ प्रोनन्सिएशन', म्हणजे जीओपी. वाक्य आधीच माहीत असतं म्हणून मशीन त्यातले ध्वनी ओळीने रेकॉर्डिंगवर बसवतं, मग प्रत्येक तुकड्यात हवा तो ध्वनी किती जुळतो आणि मोकळं सोडलं तर सगळ्यात जास्त जुळणारा ध्वनी किती जुळतो हे दोन्ही काढतं, त्यांच्या लॉगमधला (लॉगरिदममधला) फरक तुकड्यातल्या फ्रेम्सच्या, म्हणजे आवाजाच्या अगदी छोट्या कापांच्या, संख्येने भागतं (नाहीतर लांब स्वर उगाच मार खातात) आणि फरक मर्यादेपलीकडे गेला की चूक धरतं. मर्यादा प्रत्येक ध्वनीला वेगळी लागते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. इंग्रजी 'व्हेट' (vet) आणि 'वेट' (wet) लिहिताना आपण फरक करतो, पण बोलताना पहिल्यात बऱ्याचदा नुसता ह मिसळतो, दात काही ओठावर घासत नाहीत. आता स्क्रीनवर स्कोअरचा ६० आकडा बघून दात खालच्या ओठावर टेकवायचे की ओठ गोल करायचे हे कसं कळणार? उलट जपानी 'त्सुनामी'तला त्स आपल्या 'चमचा'तल्या च मुळे आयताच जमतो. म्हणून मातृभाषा बघून चुकांचा अंदाज आधीच बांधणाऱ्या सिस्टिम जास्त कामाच्या.

बोलण्यातला सूर (चढउतार) दाखवायला ॲम्स्टरडॅमचं फुकट मिळणारं 'प्राट' हे सॉफ्टवेअर चालतं. संशोधनासाठीच्या 'एल२-आर्क्टिक' या रेकॉर्डिंग्जच्या संग्रहात सहा मातृभाषांच्या २४ जणांचं इंग्रजी आहे, त्यात हिंदी आहे, मराठी नाही.