ह्यूस्टनला म्हणजे हॅरिस काउंटीत आपल्या नावावर वॉरंट आहे का, ते कसं बघायचं

ओव्हरस्पीडिंगचं तिकीट मिळालं, मग अपार्टमेंट बदललं, कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि वर्षभराने लायसन्स रिन्यू करताना आठवलं की अरे ते तर भरलंच नाही. ह्यूस्टनकडच्या आपल्या लोकांच्या डोक्यात वॉरंटची भीती शिरते ती बहुतेक वेळा अशीच. तर बघायचं कसं ते सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की करा, इथे सगळ्या कोर्टांची सगळी वॉरंटं दाखवणारी एक पब्लिक लिस्ट नाहीये. हॅरिस ही लोकसंख्येत अमेरिकेतली तिसऱ्या नंबरची काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), २०२० च्या जनगणनेत ४७ लाखांवर माणसं, आणि कोर्टं ढीगभर, त्यामुळे आधी कोर्ट शोधायचं आणि मग नाव.

कोण बघू शकतं? कुणीही. सिटिझन, ग्रीन कार्ड, एच-१बी, टुरिस्ट, काही फरक पडत नाही, कारणही कुणी विचारत नाही. कागदपत्रं लागत नाहीत, फक्त पासपोर्ट आणि लायसन्सवर आहे तसं नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आणि असला तर तिकिटाचा नंबर हाताशी ठेवा. जन्मतारीख टाकताना महिना आधी, दिवस नंतर, हे इतकी वर्षं राहूनही लोक चुकतात आणि मग "काहीच दिसलं नाही" म्हणून खूश होतात. आपल्या नावांचा तर वेगळाच घोळ, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, लक्ष्मी कुठे एक्सने तर कुठे केएसएचने, लग्नाआधीचं आडनाव वेगळं. म्हणून नुसतं आडनाव आणि जन्मतारीख टाकून बघा, मग सगळी स्पेलिंगं एकेक करून बघा.

आता कोर्ट. तुम्ही राहता कुठे ते महत्त्वाचं नाही, प्रकार घडला कुठे आणि पकडलं कुणी ते महत्त्वाचं. केटीचंच घ्या, ते हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय, त्यामुळे "मी केटीत राहतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. ह्यूस्टन सिटी पोलिसांनी ट्रॅफिक तिकीट दिलं असेल तर केस ह्यूस्टनच्या म्युनिसिपल कोर्टात, मेन ऑफिस १४०० लबक स्ट्रीटवर. पॅसाडीना, बेलेअर अशा छोट्या शहरांची म्युनिसिपल कोर्टं वेगळी. काउंटीच्या कॉन्स्टेबलने, शेरिफच्या डेप्युटीने किंवा स्टेट ट्रूपरने पकडलं असेल तर साधारण जस्टिस ऑफ द पीस कोर्ट, त्याला सगळे जेपी कोर्ट म्हणतात, आठ प्रिसिंक्ट (काउंटीचे विभाग) आणि प्रत्येकात दोन अशी सोळा आहेत. जेपी कोर्टांच्या वेबसाइटवर केस शोधता येते. या दोन्हीकडे क्लास सी मिसडिमीनर चालतात, म्हणजे सगळ्यात हलके गुन्हे, साधारण ५०० डॉलरपर्यंत दंड, जेल नाही. पण तारखेला गेलाच नाहीत किंवा दंड भरलाच नाही तर त्या फडतूस तिकिटावरसुद्धा वॉरंट निघू शकतं, आणि ते आपोआप एक्स्पायर होईल या भरवशावर राहू नका. काही कोर्टं वर लायसन्सचं रिन्यूअलही अडवून ठेवायला लावतात.

पहिल्यांदाची डीडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवणं), शॉपलिफ्टिंग, मारामारी असं क्लास ए किंवा बी, म्हणजे क्लास सीच्या वरचं मिसडिमीनर, किंवा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा असेल तर सगळे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या ऑफिसकडे. त्यांच्या साइटवर फुकट अकाउंट उघडून नावाने किंवा केस नंबरने शोधता येतं, शिवाय काउंटी आरोपीला एसपीएन नावाचा स्वतःचा नंबर देते, तो मिळाला तर नावांचा घोळच संपतो. ऑनलाइन जमत नसेल तर १२०१ फ्रँकलिन स्ट्रीटच्या क्रिमिनल जस्टिस सेंटरमध्ये बघता येतं, पण स्वतः जाण्याआधी खाली अटकेबद्दल लिहिलंय ते वाचा. माणूस आधीच आत आहे का हे मात्र शेरिफ ऑफिसच्या जेल सर्चवर दिसतं, तिथे वॉरंट शोधत बसू नका.

आता खरी गोम. टेक्ससच्या क्रिमिनल प्रोसीजर कोडच्या कलम १५.२६ प्रमाणे अटक वॉरंट आणि त्यासोबतचं ॲफिडेव्हिट (शपथपत्र), वॉरंट बजावल्यावर लगेच क्लार्ककडे लोकांना बघायला मिळालं पाहिजे. बजावल्यावर! म्हणजे पोलिस ज्याच्या मागावर आहेत त्याच्या वॉरंटचे कागद आधीच उघडे असतील असं धरून चालू नका. अल्पवयीन मुलांच्या केसेस गोपनीय, फेडरल कोर्टाच्या केसेस काउंटीच्या सर्चमध्ये नाहीतच, त्या पेसर नावाच्या फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन सिस्टिमवर बघायच्या, पानाला १० सेंट, पण तिमाहीचं बिल ३० डॉलर किंवा कमी असेल तर माफ. आणि इमिग्रेशनवाल्यांचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह वॉरंट, ज्याच्यावर जजची सही नसते, तेही इथे नाही. त्यामुळे रिझल्ट कोरा आला म्हणजे क्लीन चिट नाही, फक्त या कोर्टाच्या उघड्या रेकॉर्डमध्ये या स्पेलिंगने काही नाही एवढंच. "२० डॉलर भरा, पूर्ण वॉरंट रिपोर्ट घ्या" म्हणणाऱ्या प्रायव्हेट साइटींच्या तर वाटेलाही जाऊ नका, जुना डेटा असतो आणि नावसाधर्म्यावर भलत्याच माणसाची केस तुमच्या गळ्यात टाकतात.

सापडलं तर? काउंटरवर जाऊन "माझ्या नावावर वॉरंट आहे का हो" विचारण्याआधी वकिलाला फोन करा, कारण वॉरंट ॲक्टिव्ह असेल तर तिथेच अटक होऊ शकते. क्लास सी असेल तर वकील बरेचदा वॉरंट मागे घ्यायला लावून नवी तारीख मिळवतो, आणि पैसे नसतील तर जज हप्ते किंवा कम्युनिटी सर्व्हिस देऊ शकतात, ते मागायला लाजू नका. क्लास बी किंवा वरचं असेल आणि तुम्ही व्हिसावर असाल तर क्रिमिनल वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही हवाच, गुन्हा कबूल करून पटकन सुटण्याचा सल्ला पुढे ग्रीन कार्डला नडू शकतो. भारतीय पासपोर्टवाल्याला अटक झालीच तर ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क आहे, पण ते आपण मागावं लागतं.

आणि हो, "तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा" असा फोन आला तर कट करा. तिकडे भारतात डिजिटल अरेस्टच्या नावाने चालतं तेच हे. वॉरंट मिटवायला शेरिफ गिफ्ट कार्ड किंवा बिटकॉइन मागत नाही, शंका असली तर कोर्टाच्या साइटवरचा नंबर स्वतः शोधून तिथेच फोन करा, आलेल्या नंबरवर नाही.