लॅपटॉपवर लाइट चालवले की शो अडकतो? खुलासा

"लॅपटॉपवर लाइट चालवू नका, भर प्रयोगात अडकेल, खरा कन्सोलच (स्टेजचे लाइट चालवायचं खास यंत्र) लागतो" हे एकांकिका करणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं जातंय आणि त्यापायी भाड्यात पैसे जातात म्हणून लिहितोय. अहो, कन्सोलच्या आतपण कॉम्प्युटरच असतो, ईटीसी कंपनीचा ईऑस कन्सोल घ्या, आत विंडोजच चालतं.

मग लाइट फडफडतात का? बऱ्याचदा दोष डोंगलचा, म्हणजे लॅपटॉपला लाइटची केबल जोडणाऱ्या डबीचा असतो. लाइटना हुकूम जातात ते डीएमएक्स सिग्नलने, त्याच्या एका युनिव्हर्समध्ये (एका लाइनमध्ये) 512 चॅनल, सगळे भरले तरी सेकंदाला साधारण 44 वेळा नव्याने पाठवता येतात. स्वस्तातल्या डोंगलमध्ये बरेचदा स्वतःचा प्रोसेसरच नसतो, मग हे टायमिंग लॅपटॉपला सांभाळावं लागतं आणि तो जरा दुसऱ्या कामात गुंतला की गडबड. आमच्या एका प्रयोगात ब्लॅकआउटच्या आधीचा निळा फेड असा ठेचकाळत उतरला की पहिल्या रांगेतली माणसं वर बघायला लागली. पुढच्या वेळी प्रोसेसरवाला डोंगल लावला, लॅपटॉप तोच, क्यूएलसी प्लस हे लाइटचं सॉफ्टवेअर पण तेच (फुकट आहे), आणि फेड अगदी अलगद उतरला.

बाकी शोच्या वेळी अपडेट आणि स्लीप बंद ठेवा, माइकची केबल डीएमएक्सला लावू नका, शेवटच्या लाइटला 120 ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा प्लग) लावा. कन्सोल वाईट नाही हां, ऑर्केस्ट्रात ऐनवेळी काही करायचं तर हाताखाली फेडर (लाइट कमीजास्त करायचे सरकते खटके) हवेतच, पण क्यू (लाइट कधी कसा बदलायचा ते) ठरलेल्या नाटकाला 'गो'चं एक बटण पुरतं.