कांद्याचे फ्रेंच सूप

कांद्याचे फ्रेंच सूप : उभे चिरलेले कांदे लोण्यात मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत परतून, ते हाडांच्या किंवा भाज्यांच्या पाण्यात उकळून, वर वाळवलेला पाव व चीज घालून खरपूस केलेला पातळ पदार्थ. फ्रेंचमध्ये ‘सूप आ लोन्यों’. चीज वरून भाजून घेतलेल्या प्रकारास ‘ग्रातिने’ म्हणतात. पुढील घरगुती कृती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात सहज मिळणारे साहित्य व भांडी धरून दिली आहे.

नाव : फ्रेंच ‘सूप’ हा शब्द मुळात रश्श्याचा नसून रस्सा ओतण्यासाठी ताटलीत ठेवलेल्या पावाच्या तुकड्याचा आहे, पावाचे नाव पुढे रश्श्याला चिकटले. या पदार्थात पाव सजावटीपुरता नसतो, त्याचे कारण यातच आहे. संस्कृतातही ‘सूप’ म्हणजे डाळीचे वरण किंवा कढण, आणि ‘सूपकार’ म्हणजे स्वयंपाकी. उच्चार व अर्थ दोन्ही जवळचे असल्याने काहींना नाते सुचते. पण फ्रेंच शब्द सामान्यतः जर्मानिक मुळाकडे नेला जातो, तेव्हा साम्य योगायोगाचे मानणे बरे. धान्य पाखडायचे सूप अर्थातच वेगळे.

उगम : कांद्याचा रस्सा यूरोपात मध्ययुगापासून गरिबांच्या चुलीवर होता. 1651 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ला वारेन या फ्रेंच स्वयंपाक्याच्या पाकग्रंथात लोण्यात परतलेल्या कांद्याचे सूप येते; चीजचा थर मात्र तेथे नाही. आजच्या रूपाचे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल दोन दरबारी कथा आहेत. पहिलीत फ्रान्सचा राजा पंधरावा लुई शिकारीच्या बंगल्यात रात्री उपाशी असतो, कोठीत कांदे, लोणी व शॅम्पेन एवढेच सापडते आणि त्यातून सूप होते. दुसरी त्याचा सासरा स्तानिस्लास याची. पोलंडचे राज्य गेल्यावर 1737 पासून 1766 मध्ये मृत्यू होईपर्यंत तो पूर्व फ्रान्सकडील लॉरेन या प्रांताचा ड्यूक होता. व्हर्सायला जाताना शालों येथील खानावळीत त्याला हे सूप इतके आवडले, की कृती पाहण्यासाठी तो थेट स्वयंपाकघरात उतरला, असे सांगतात. ही हकीकत कृतीसह निकोला आपेर याने 1831 च्या सुमारास छापली. हवाबंद डब्यात अन्न टिकवण्याची रीत शोधणारा तो हाच आपेर. तो स्वतः शालोंचा, खानावळवाल्याच्या घरात वाढलेला. म्हणून गावाच्या अभिमानाचा अंश वजा करूनच ही कथा वाचावी लागते. तरीही पहिल्या कथेपेक्षा हिला वजन अधिक, कारण हिच्यासोबत कृती आहे. चीजचा थर देऊन भाजण्याची चाल पॅरिसमधील ले आल या घाऊक भाजीबाजाराभोवतीच्या खानावळींत, बहुधा एकोणिसाव्या शतकात, रुळली. रात्रभर ओझी वाहणारे हमाल आणि उशिरा नाटक पाहून निघालेले शौकीन पहाटे तेथे हेच पीत. तो बाजार 1969 मध्ये पॅरिसबाहेरील रूंजिसला हलवला गेला, सूप मागे राहिले.

कांद्याची निवड : कांद्यात पाणी शेकडा 85 ते 90 असते. खरिपाचा नवा कांदा (धारवाड, गदग, हावेरीकडून पावसाळ्याच्या अखेरीस येणारा) अधिक पाणचट असतो. तो आटायला वेळ लागतो आणि लवकर लगदा होतो. उन्हाळी म्हणजे रब्बीचा, चाळीत टिकवलेला, कोरड्या सालीचा कांदा घ्यावा. तिखटपणाची धास्ती नको. डोळ्यांत पाणी आणणारी द्रव्ये शिजताना उडून जातात. पांढरा कांदा मिळाल्यास सूप स्वच्छ सोनेरी होते. लाल कांद्याचा रंग थोडा मळकट येतो, तो शेवटी घातलेल्या व्हिनेगरने सुधारतो. कांदा देठापासून बुडाकडे उभा, सुमारे 3 मिलिमीटर जाड चिरावा. आडव्या चकत्या केल्यास धागे तुटतात आणि तासाभरात चटणी होते.

परतणे : सूप बिघडते ते इथेच. चार जणांसाठी सोललेले कांदे 1 किलो, लोणी 40 ग्रॅम, तेल 1 मोठा चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. भांडे जाड बुडाचे, रुंद. बिडाची कढई उत्तम, जाड स्टीलचे पातेले चालते. नॉनस्टिकमध्ये बुडाला काही धरत नाही, त्यामुळे चवही निम्मी राहते. लोणी-तेल तापले की कांदा व मीठ घालून मध्यम आचेवर 10 मिनिटे झाकण ठेवावे. कांदा पाणी सोडून बसतो. झाकण काढून 15 मिनिटे ते पाणी आटवावे. पाणी असेपर्यंत भांड्यातील उष्णता 100 अंशांच्या पुढे जात नाही आणि रंग धरत नाही. कितीही ढवळले तरी कांदा फिकाच राहतो तो यामुळे. पाणी संपले की आवाज बदलतो : ओली बुडबुड थांबून बारीक, कोरडी चुरचुर सुरू होते. तेथून आच मंद करावी.

पुढील 35 ते 45 मिनिटे दर चार-पाच मिनिटांनी उलथन्याने बूड खरवडावे. बुडाला तपकिरी खरवड धरली की दोन चमचे पाणी टाकून ती सोडवून कांद्यात मिसळावी. असे तीन-चार वेळा होते. सुपाचा रंग आणि खोली या खरवडीतून येते. कांद्यातील साखर व अमिनो आम्ले यांच्यातील मेलार्ड प्रक्रिया आणि साखरेचे जळून तपकिरी होणे या दोन्ही क्रिया तेथे एकत्र चालतात. रंग आधी गुलाबीसर, मग गुळासारखा, शेवटी काकवीकडे झुकलेला होतो. आमटीच्या फोडणीला गुलाबीसर पुरतो, येथे पुरत नाही; बहुतेक घरी सूप गोडसर पाण्यासारखे लागते ते कांदा गुळाच्या रंगाआधीच उतरवल्यामुळे. उलट, कडा काळ्या झाल्या तर आच मोठी होती. काळे तुकडे तेव्हाच वेचून टाकावेत; त्यांचा कडवटपणा साखरेने झाकला जात नाही. किलोभर कांद्याचे शेवटी 250 ते 300 ग्रॅम उरतात.

बिर्याणीचा तळलेला कांदा वापरण्याचा मोह होतो. तो रश्श्यात मऊ पडतो, तेल सोडतो आणि गोडवा देत नाही. किलोला पाव लहान चमच्याहून कमी खाण्याचा सोडा घातल्यास रंग लवकर येतो हे खरे. पण कांदा विरघळतो, चव साबणाकडे जाते आणि लाल कांदा हिरवट-करडा दिसू लागतो. घाई असेल तर सोड्यापेक्षा कुकर बरा : पाणी न घालता लोण्यात कांदा परतून एक शिट्टी, मग झाकण काढून वरीलप्रमाणे आटवणे. सुमारे 15 मिनिटे वाचतात.

रस्सा : फ्रान्समध्ये गोमांसाच्या हाडांचा रस्सा वापरतात, जुन्या कृतींत साधे पाणीही चालते. सीमाभागात मटणाच्या दिवशी लहान मुलांसाठी काढून ठेवतात ते अळणी पाणी येथे अगदी चपखल बसते, मात्र त्यात हळद व आले-लसूण घालू नये आणि वरची चरबी काढून घ्यावी. शाकाहारी रश्श्यासाठी गाजर, सेलरी किंवा कोबीचा दांडा, तमालपत्र, मिरे आणि कांद्याची स्वच्छ धुतलेली कोरडी साल दीड लिटर पाण्यात 40 मिनिटे उकळून गाळावे. सालीने रंग चांगला येतो. डाळीचा कट वापरू नये, त्याने सूप गढूळ होते आणि आमटीची चव पुढे येते.

परतलेल्या कांद्यावर मैदा 1 मोठा चमचा भुरभुरून दोन मिनिटे भाजावा. 100 मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन घालून आटवावी. वाइन नको असल्यास 1 मोठा चमचा व्हिनेगर पुरते. गोव्याकडील माडाचे व्हिनेगर मिळाले तर अधिक चांगले. आमसुलाने आंबटपणा येतो, पण रंग जांभळट होतो. बिडाच्या कढईत आंबट घालून ठेवल्यास सूप काळवंडते, म्हणून या टप्प्यावर स्टीलच्या पातेल्यात काढावे. मग गरम रस्सा 1.2 लिटर व तमालपत्र घालून मंद आचेवर 25 ते 30 मिनिटे उकळावे. मूळ कृतीतील थाइम ही सुगंधी पाने न मिळाल्यास हातावर चुरडलेला ओवा, चिमटीत मावेल त्याच्या निम्मा. दोन्हींत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असते. ओवा जास्त झाला तर मात्र सुपाला भज्यांचा वास येतो. मीठ अगदी शेवटी, कारण चीज खारट असते.

पाव व चीज : ताजा लादी पाव रश्श्यात दोन मिनिटांत विरघळतो. बेकरीतील कडक पाव दोन सेंटिमीटर जाड कापून तव्यावर मंद आचेने दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावा. बेकरीचा टोस्ट गोड असतो, तो टाळावा. ग्रुयेर किंवा काँते हे चीज मूळचे. त्याऐवजी मोझरेला व प्रोसेस्ड चीज निम्मे-निम्मे किसून प्रत्येक वाडग्याला 35 ग्रॅम घ्यावे : पहिल्याने तार येते, दुसऱ्याने खारेपणा. पनीर आम्लाने फाडलेले असल्याने वितळत नाही. 300 मिलिलिटरचे वाडगे दोन सेंटिमीटर मोकळे ठेवून भरावेत, वर पाव, त्यावर कडांपर्यंत चीज. ओटीजीची फक्त वरची कांडी 230 अंशांवर चालू करून 6 ते 8 मिनिटे ठेवावे. मातीचे वाडगे वापरताना बूड कोरडे असावे आणि सूप गरमच ओतावे; ओले किंवा थंड भांडे एकदम आचेखाली गेले तर तडकते. ओव्हन नसल्यास पावावर चीज घालून झाकलेल्या तव्यावर वितळवावे आणि वाढताना सुपावर सोडावे. वरचा खरपूस पापुद्रा येत नाही, चव येते. चीजच्या थराखाली वाफ कोंडलेली असते, त्यामुळे पाच मिनिटे थांबल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.

चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांतून आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी, थालीपीठ, झुणका असे कांद्याचे पदार्थ होतात. चाळीतला उन्हाळी कांदा तेव्हा कोरडा व गोड असतो आणि बेळगावचा पाऊसही जोरात असतो. सुपाला याहून योग्य दिवस नाही. परतलेला कांदा एकावेळी दोन किलोचा करून ठेवता येतो. झाकणाच्या डब्यात तो फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन ते तीन महिने राहतो. रस्सा ऐनवेळी घालावा, पाव व चीज वाढतानाच.