तेरा जणांची समिती आणि तिच्या आधीची शंभर वर्षं

७ डिसेंबर २०२५ च्या रविवारी अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाचा (अमेरिकी) फुटबॉल संघ प्लेऑफमधून, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतून बाहेर पडला, तोही मैदानात न उतरता. हंगामाच्या सुरुवातीचे दोन सामने थोडक्यात हरल्यावर या संघाने सलग दहा सामने जिंकले होते. निवड समितीने तोवर दर मंगळवारी जाहीर केलेल्या प्रत्येक यादीत तो मायामी विद्यापीठाच्या संघाच्या वर होता. शेवटच्या शनिवारी या दोघांपैकी कोणाचाच सामना नव्हता, आणि तरीही रविवारी मायामी दहाव्या क्रमांकावर आली आणि नोटर डेम अकराव्यावर गेलं. खालच्या जागा नियमानुसार छोट्या कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटांच्या) विजेत्यांकडे गेल्याने अकराव्याला प्रवेश मिळाला नाही.

समितीने कारण दिलं. शनिवारी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ टेक्सास टेककडून ३४-७ असा हरून खाली घसरला, त्यामुळे मायामी आणि नोटर डेम यादीत शेजारी आले. शेजारी आल्यावर दोघांमधला सामना पाहिला गेला, आणि ऑगस्टच्या अखेरीस झालेला तो सामना मायामीने २७-२४ असा जिंकला होता. त्याच शनिवारी अलाबामाही जॉर्जियाकडून २८-७ असा हरला. तो त्याचा तिसरा पराभव होता, पण त्याचा नववा क्रमांक हलला नाही. संतापलेल्या नोटर डेमने मग प्लेऑफबाहेरच्या संघांसाठी असणारा हंगामाअखेरचा निमंत्रणाचा सामना, म्हणजे बाउल, खेळायलाच नकार दिला.

मला विचाराल तर मायामीला घेणं बरोबर होतं. समोरासमोरच्या विजयाला किंमत नसेल तर सामना खेळायचा कशासाठी? चूक होती ती आधीचे पाच आठवडे उलटा क्रम छापण्याची. पण दर आठवड्याची ती यादी खेळासाठी लागतच नाही, निवड तर एकदाच, शेवटी व्हायची असते. मंगळवार रात्रीची यादी हा ईएसपीएन वाहिनीवरचा कार्यक्रम आहे. खेळाची गरज आणि प्रक्षेपणाची गरज इतकी एकमेकांत मिसळली आहे की या निवडीबद्दलचा कुठलाही वाद समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकाला आधी हेच कोडं पडेल की संघ 'निवडायचे' कशाला. रणजीत गटातले गुण मोजले जातात आणि बाद फेरी ठरते. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात २०२५ मध्ये १३६ संघ होते आणि प्रत्येकाचे नियमित हंगामात साधारण १२ सामने. धसमुसळ्या खेळात शरीर याहून जास्त सोसत नाही. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांशी कधी खेळतच नाहीत. ते कॉन्फरन्स नावाच्या गटांमध्ये विभागलेले असतात आणि आपापल्या गटात मुख्यतः खेळतात. एका गटातला दहा विजयांचा संघ दुसऱ्या गटातल्या अकरा विजयांच्या संघापेक्षा सरस की कमी, हे गुणतक्ता सांगू शकत नाही. ते माणसांना सांगावं लागतं, आणि माणसं आली की त्यांच्यामागे त्यांची गावं, संस्था आणि पैसा आलाच.

हा पैसा सुरुवातीला पर्यटनाचा होता. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहराने आपल्या नववर्षाच्या गुलाबोत्सवात गर्दी खेचण्यासाठी १९०२ मध्ये एक फुटबॉल सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं चिरडलं. सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉल बंद करून पोलो आणि रथांच्या शर्यती सुरू केल्या. १९१६ पासून सामना परतला आणि पुढे तो रोझ बाउल म्हणून प्रसिद्ध झाला. मंदीच्या तिशीत मायामी, न्यू ऑर्लिन्स, डॅलस या शहरांनीही हिवाळ्यात हॉटेलं भरावीत म्हणून आपापले बाउल सुरू केले. हे सामने चालवणाऱ्या स्थानिक समित्यांमध्ये शहरातले व्यापारी आणि प्रतिष्ठित असत. कोणता संघ जास्त चाहते घेऊन येईल हे पाहून ते आमंत्रण देत. राष्ट्रीय विजेता ठरवणं हा त्यांचा हेतू कधीच नव्हता.

विजेता ठरवत ते पत्रकार. असोसिएटेड प्रेसने १९३६ पासून पत्रकारांचा कौल घ्यायला सुरुवात केली, १९५० पासून प्रशिक्षकांचा वेगळा कौल आला. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे कौल बाउल सामन्यांच्या आधीच संपत, म्हणजे विजेता जाहीर झाल्यावर हंगामातला सर्वांत मोठा सामना होई. दोन कौलांचे दोन विजेते हेही अधूनमधून घडत राहिलं. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए बास्केटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळ्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा घेते. सर्वोच्च विभागाच्या फुटबॉलचं अजिंक्यपद मात्र तिच्या हातात आजही नाही.

ते का नाही, आणि खेळाची सत्ता कॉन्फरन्सकडे कशी गेली, याचं उत्तर १९८४ च्या एका निकालात आहे. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. पन्नाशीच्या दशकापासून टीव्हीवर कोणते सामने आणि किती दाखवायचे हे एनसीएए ठरवी. घरबसल्या सामना दिसला तर मैदान ओस पडेल अशी तेव्हा भीती होती. एका संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर येता येत नसे. १९८१ मधल्या एका आठवड्यात ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून जास्त केंद्रांवरून दिसला. त्याच आठवड्यात सिटाडेल आणि अ‍ॅपलेशियन स्टेट या छोट्या संघांचा सामना चार केंद्रांवरून दिसला. चौघांना पैसे सारखेच मिळाले.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विरोधी मत लिहिलं बायरन व्हाइट यांनी, जे स्वतः कॉलोराडोकडून खेळलेले नामवंत फुटबॉलपटू होते. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ नफ्याचा धंदा समजून मोजणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. पण सिटाडेलला ओक्लाहोमाइतकाच वाटा देणारी व्यवस्था त्या दिवशी संपली, आणि तिच्या जागी खेळातल्या सर्वांना बांधून ठेवणारं दुसरं काही कधी आलं नाही.

आता विकायचा हक्क ज्याचा त्याचा झाला. एकेकट्या विद्यापीठापेक्षा गटाने सौदा केला तर भाव जास्त, म्हणून कॉन्फरन्स सौदागर बनल्या. नोटर डेमचा चाहतावर्ग देशभर असल्याने त्याने एनबीसीशी स्वतंत्र करार केला आणि करोनाचा २०२० चा हंगाम सोडला तर आजवर कुठल्याही फुटबॉल कॉन्फरन्समध्ये प्रवेश घेतला नाही. दक्षिणेकडच्या एसईसी या कॉन्फरन्सने अर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन सभासद बारा केले आणि १९९२ पासून स्वतःचा अंतिम सामना विकायला सुरुवात केली. जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडीत निघाली. याच कॉन्फरन्सनी बाउल समित्यांशी हातमिळवणी करून आधी दोन तात्पुरत्या व्यवस्था आणि १९९८ पासून बीसीएस ही पद्धत आणली. पत्रकारांचा कौल, प्रशिक्षकांचा कौल आणि संगणकांची आकडेमोड एकत्र करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांच्यात अंतिम सामना खेळवायचा.

२००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया दोन्ही कौलांत पहिली होती, तरी संगणकांच्या बेरजेत ती अंतिम सामन्याबाहेर राहिली. पुढच्या वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिला, आणि त्या डिसेंबरमध्ये असोसिएटेड प्रेसने आपला कौल वापरू नका असं कळवून टाकलं. पण जास्त खोल दुखणं पैशाच्या वाटपात होतं. सहा बड्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मोठ्या सामन्यांत थेट जागा होती. बाकीच्यांना दार ठोठावावं लागे. बॉइझी स्टेटने जानेवारी २००७ मध्ये ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं, युटाने २००८ चा हंगाम अपराजित राहून शेवटी अलाबामाला हरवलं, आणि दोघांनाही विजेतेपदासाठी खेळायची संधी मिळाली नाही.

मग राजकारण उघडपणे आलं. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००९ मध्ये सिनेटच्या उपसमितीत सुनावणी घडवून आणली. टेक्सासचे खासदार जो बार्टन यांनी प्लेऑफ न खेळवता सामन्याला 'राष्ट्रीय अजिंक्यपद' म्हणायला बंदी घालणारं विधेयक मांडलं. निवडून आलेले पण शपथ न घेतलेले ओबामा टीव्हीच्या मुलाखतीत आठ संघांचा प्लेऑफ हवा म्हणाले. बाउल समित्यांचं राजकारण किती खोल आहे हे २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिएस्टा बाउलच्या चौकशीत दिसलं. कर्मचाऱ्यांनी राजकारण्यांना दिलेल्या देणग्यांची भरपाई बाउलच्या तिजोरीतून होत होती. प्रमुख जॉन जंकर यांना काढलं गेलं आणि पुढे त्यांना शिक्षाही झाली.

तरी बीसीएस खरी मोडली ती जानेवारी २०१२ मध्ये, जेव्हा अंतिम सामन्यात अलाबामा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) असे एसईसीचेच दोन संघ आले. आता बाकीच्या बड्यांनाही बदल हवासा वाटला. त्याच वर्षी जूनमध्ये चार संघांच्या प्लेऑफला मंजुरी मिळाली आणि २०१४ पासून संगणकांच्या जागी तेरा जणांची समिती आली. बहुतेक सदस्य विद्यापीठांचे क्रीडा संचालक आणि माजी प्रशिक्षक. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइसही होत्या. समिती टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात बसते. आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं. या माणसांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण नियम विद्यापीठापुरता आहे, कॉन्फरन्सपुरता नाही, आणि पैसा येतो तो कॉन्फरन्समधून.

पहिल्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकाच्या टीसीयूने शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि तो सहावा झाला. त्याच्या कॉन्फरन्सला अंतिम सामना नव्हता, ओहायो स्टेटच्या कॉन्फरन्सला होता. तिने तो ५९-० असा जिंकून चौथी जागा घेतली आणि पुढे विजेतेपदही. टीसीयूच्या कॉन्फरन्सने, म्हणजे बिग ट्वेल्व्हने, २०१७ पासून अंतिम सामना पुन्हा सुरू केला. आणखी एक सामना म्हणजे प्रक्षेपणाचं आणखी एक उत्पन्न, हेही होतंच.

२०२३ ची गोष्ट मला अजून टोचते. फ्लोरिडा स्टेट १३-०, आपल्या कॉन्फरन्सचा विजेता. पण क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरमध्ये मोडला होता, आणि त्याच्याविना हा संघ तितका बलवान नाही म्हणून समितीने एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. ट्रॅव्हिस जखमी झाल्यावरही पोरांनी उरलेले सामने जिंकले होते. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा न खेळलेल्या सामन्याचा अंदाज मोठा ठरला. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी कोर्टकचेरीसाठी अर्थसंकल्पात १० लाख डॉलर सुचवले, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी मक्तेदारीची चौकशी सुरू केली, सिनेटर रिक स्कॉट यांनी समितीला पत्र लिहिलं. विद्यापीठाने मात्र त्याच महिन्यात दावा लावला तो स्वतःच्या कॉन्फरन्सवर, तिथून बाहेर पडण्याच्या अटींसाठी. अपराजित विजेता असूनही उपयोग झाला नाही तर दोष गटाच्या वजनाचा आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

तोवर गटांचं वजन झपाट्याने बदलत होतं. टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीकडे निघाले. सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये गेले, पाठोपाठ ओरेगन आणि वॉशिंग्टन. शंभरहून जास्त वर्षांची पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स दोन संघांवर आली. बिग टेनने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सुमारे ७ अब्ज डॉलरचा करार केला होता. बिग टेनमधलं परड्यू हे नाव आपल्याकडे मुलं एमएसला जातात म्हणून घराघरांत माहीत आहे. तिथल्या फुटबॉल संघाचा खर्च आज मुख्यतः या असल्या करारांवर चालतो. खेळाडूंना या पैशातला थेट वाटा द्यायला विद्यापीठांना परवानगी मिळाली ती थेट २०२५ मध्ये, न्यायालयातल्या तडजोडीनंतर.

२०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ईएसपीएनशी सहा वर्षांचा ७.८ अब्ज डॉलरचा करार झाला. त्या पैशाचं वाटप २०२६ पासून असं ठरलं की बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी सुमारे २९ टक्के, मायामी आणि फ्लोरिडा स्टेटच्या एसीसीला १७, बिग ट्वेल्व्हला १५, आणि छोट्या कॉन्फरन्सना सगळ्या मिळून ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बिग टेनमधल्या शेवटच्या क्रमांकाच्या विद्यापीठाला वर्षाला २ कोटी डॉलरहून जास्त, आणि छोट्या कॉन्फरन्समधल्या विजेत्याला २० लाखांच्या आतबाहेर. शिवाय २०२६ पासून प्लेऑफचं स्वरूप ठरवण्यात पहिला शब्द बिग टेन आणि एसईसीचा राहील हेही लिहून घेतलं गेलं. २०२५ च्या हंगामात मात्र प्लेऑफमध्ये पोचलेल्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत होते. फेऱ्या जिंकत अंतिम सामन्यापर्यंत गेलं तर एकूण २ कोटी. नोटर डेम स्वतंत्र असल्याने त्याचा पैसा पूर्णपणे त्याचाच, आणि २०२४ च्या हंगामात अंतिम सामना गाठून त्याने तो मिळवलाही. डिसेंबर २०२५ मधल्या त्या एका जागेची किंमत यावरून कळावी.

२०२६ पासूनच्या वाटपाच्या त्या समझोत्यात नोटर डेमसाठी एक वेगळं कलम आहे. २०२६ पासून बारा संघांच्या प्लेऑफमध्ये समितीच्या यादीत पहिल्या बारांत आलं की त्याला प्रवेश नक्की. डिसेंबर २०२५ मध्ये ते अकरावं होतं. हे कलम २०२४ च्या वसंतात मान्य झालं, मायामीविरुद्धचा तो सामना खेळला जाण्याच्या वर्षभराहून आधी.